आधी काय शिकायचं: विक्री, पडतळ, ऑनलाइन जाहिरात की कोडिंग?

माझा भाचा यंदा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला नोकरी नको, धंदाच करायचाय. मागच्या महिन्यात घरी आला आणि म्हणाला, आत्या, माझ्याकडे चार महिने आहेत आणि पंधरा हजार रुपये आहेत, तर डिजिटल मार्केटिंगचा क्लास लावू, वेबसाइट बनवायला शिकू की टॅली करू? मी आणि माझी जाऊ सांगलीजवळ भाजणी आणि मसाल्यांचा छोटा धंदा करतो, सात वर्षं झाली, त्यामुळे घरातली पोरं असला प्रश्न घेऊन आमच्याकडेच येतात. त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण क्लासवाला प्रत्येकजण आपलंच आधी शिका म्हणतो आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना त्यातलं काय धरावं तेच कळत नाही.

मी कुठलंही कौशल्य तीन गोष्टींवर तोलते. चूक झाली तर ती कळायला किती दिवस लागतात, त्या चुकीपायी किती पैसे जातात, आणि ते काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं का. फी किती आणि सर्टिफिकेट कुणाचं हे त्याच्यानंतर.

आधी विक्री. विक्री म्हटलं की पोरांना वाटतं छान बोलता आलं पाहिजे, पण गोड बोलणं हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. अनोळखी माणसापुढे माल ठेवायचा, भाव सांगायचा, भाव सांगताना आवाज पडू द्यायचा नाही आणि समोरचा नको म्हणाला तर का नको हे विचारायचं, हे खरं शिकायचं असतं. आम्ही सुरुवातीला भाजणी किलोच्या पिशवीत विकायचो. आठवडी बाजारात बायका पिशवी हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, छान आहे म्हणायच्या आणि परत ठेवून द्यायच्या, आम्हाला वाटायचं भाव जास्त झाला. तिसऱ्या बाजाराला जावेने धीर करून एका काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं घरात आम्ही दोघंच, किलोभर भाजणी संपेस्तोवर तिला जुनाट वास येतो. पुढच्या बाजाराला अर्ध्या किलोच्या पुड्या नेल्या आणि दुपारपर्यंत संपल्या. म्हणजे चूक कळायला तीन बाजार लागले आणि खर्च झाला तो जागेच्या पावतीचा नि गाडीभाड्याचा. एवढ्या स्वस्तात दुसरं कुठलंच कौशल्य शिकता येत नाही.

आणि हे दुसऱ्याकडून करून घेता येतं का? पुढे येतं, सेल्समन ठेवता येतो. पण पहिली शंभर गिऱ्हाइकं तुमच्याशीच बोलली पाहिजेत, कारण पुडी किलोची की अर्ध्याची हे सेल्समन तुम्हाला येऊन सांगणार नाही, तो फक्त माल खपला नाही एवढंच सांगेल.

आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचं उदाहरण मी पोरांना नेहमी देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर बनवला. यंत्रातलं त्यांना काय कळत नव्हतं? तरी पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. माल उत्तम होता, समोरच्याच्या मनातली भीती घालवायची होती, आणि ते काम कारखान्यात बसून होणारं नव्हतं. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच्यानंतर.

आता पडतळ, म्हणजे एक नग तयार होऊन गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत आपल्याला खरा केवढ्याला पडतो तो हिशोब. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण आम्ही इथेच सगळ्यात जास्त मार खाल्लाय.

आमचा पहिल्या वर्षाचा हिशोब असा होता (आकडे गोल केलेत). दहा किलो भाजणीला धान्य-डाळी-धणे-जिरे मिळून ७०० रुपये, दळण १०० रुपये, झाले ८००. दहा किलोच्या अर्ध्या किलोच्या वीस पुड्या, म्हणजे पुडी पडली ४० ला, आपण विकतोय ८० ला, दुप्पट! आम्ही दोघी खूश होतो. सहा महिन्यांनी धान्य भरायला गेलो तर डब्यात पैसेच नाहीत, आणि विक्री तर रोज होतेय. मग जावेच्या वडिलांनी, ते किराणा दुकान चालवायचे, आम्हाला बसवून पडतळ काढायला शिकवली. पहिलं त्यांनी विचारलं, घट किती? भाजताना ओल जाते, गिरणीत थोडं राहतं, दहा किलोची भाजणी सव्वानऊच्या आत भरते, म्हणजे पुड्या वीस नाहीतच, अठरा आहेत. मग गॅस ६०, पाउच आणि लेबल अठरा नगांचे १४४, धान्य आणायचं गाडीभाडं ८०, आणि दोघींची मिळून पाच तासांची मजुरी, तासाला ६० धरली तरी ३००. सगळी बेरीज १३८४. भागिले अठरा, पुडी पडते ७७ ला. बाजारात स्वतः उभं राहून विकली तर ३ रुपये सुटतात, आणि दुकानदाराला २० टक्के मार्जिन देऊन ठेवली तर आपल्या हातात येतात ६४, म्हणजे पुडीमागे १३ चा तोटा. आणि आम्ही जास्तीत जास्त दुकानांत माल ठेवायच्या मागे लागलो होतो, जेवढी विक्री वाढेल तेवढं भांडवल खाल्लं जात होतं.

आता तीन गोष्टींवर तोलून बघा. पडतळीतली चूक कळायला आम्हाला सहा महिने लागले, गेलं ते जवळजवळ सगळं खेळतं भांडवल, आणि दुसऱ्याकडून करून घ्यायची म्हटली तर घट किती येते हे भाजणाऱ्यालाच माहीत, सीएला काय माहीत असणार. बरं शिकायला काय लागतं, एक वही, एक वजनकाटा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ. लोक पडतळ आणि टॅली एकच समजतात म्हणून सांगते, टॅली म्हणजे झालेल्या व्यवहारांची नोंद, ते काम महिन्याला थोडे पैसे देऊन अकाउंटंटकडून करून घेता येतं. पडतळ व्यवहार व्हायच्या आधी काढायची असते. लिज्जत पापडचं बघा ना, १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांचा आग्रह हाच होता की धंदा म्हणून चालवा, मालाचा दर्जा एकच ठेवा आणि हिशोब चोख ठेवा.

मग विक्री आधी की पडतळ आधी? माझं मत, हातात अजून मालच ठरलेला नाही त्याने विक्री आधी, कारण काय विकायचं हेच बाजारात उभं राहून कळतं. ज्याच्या घरी आधीच दुकान, गुऱ्हाळ, डेअरी, शिवणकाम काही चालू आहे आणि गिऱ्हाईक आहे, त्याने पडतळ आधी, त्याचा पैसा बहुतेक तिथेच गळत असतो. आणि दोन्ही एकमेकांना धरून चालतात हेही लक्षात ठेवा, आम्ही पुडी ८० ची ११० केली तेव्हा काही गिऱ्हाइकं तुटली, ती परत आणायला विक्रीच कामाला आली, आणि दुकानदाराने अजून मार्जिन मागितलं तेव्हा ठामपणे नाही म्हणता आलं ते वहीतला आकडा माहीत होता म्हणून.

वसुलीही विक्रीतच शिकायची, तिचा वेगळा क्लास नसतो. उधारी दिली की तारीख लिहून घ्यायची. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी कायदा बोलू नका, पण मोठी पार्टी तीन-तीन महिने झुलवत असेल तर हे माहीत असलेलं बरं.

डिजिटल मार्केटिंगबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. ते वाईट आहे असं अजिबात नाही, पण पहिलं कौशल्य म्हणून घेतलं तर अडचण ही की चूक नेमकी कुठे झाली तेच कळत नाही. आम्ही एकदा एकाला इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या जाहिरातींसाठी १२ हजार दिले. मेसेज धो धो आले, प्राइस काय, प्राइस काय, आणि ऑर्डर आल्या चार. आम्ही फोटो बदलले, व्हिडिओ बदलला, जाहिरात बदलली. शेवटी जावेने त्या मेसेज करणाऱ्यांतल्या दहा जणींना सरळ फोन लावले तेव्हा समजलं की ११० च्या पुडीवर ७० रुपये कुरिअर त्यांना जड जात होतं. मग तीन पुड्यांचा सेट केला आणि काम झालं. म्हणजे जाहिरातीतली चूक शोधून दिली ती फोनवरच्या विक्रीने आणि कुरिअरच्या पडतळीने. ज्याला ही दोन्ही येत नाहीत तो जाहिरातीवर पैसे ओतत राहतो.

तरी यातला फुकटचा भाग पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या, त्याला क्लास लागत नाही. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलने मालाचे नीट फोटो काढणं, व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग लावणं (हे अॅप भारतात २०१८ पासून आहे आणि फुकट आहे), गूगल मॅपवर आपली जागा टाकणं. पैशाच्या जाहिराती मात्र महिन्याला निदान पन्नास-साठ गिऱ्हाइकं स्वतःच्या पायावर मिळायला लागली की मग. अपवाद एकच, तुमचं गिऱ्हाईक गावात नाहीच, बाहेरच आहे, म्हणजे ऑनलाइन शिकवणी, डिझाइनिंग, व्हिडिओ एडिटिंग असलं काही असेल तर हे लवकर शिकावं लागेल.

कोडिंग आणि वेबसाइट, तुमचा माल म्हणजेच सॉफ्टवेअर असेल तरच. नाहीतर हे काम बाहेरून करून घेता येतं आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते. एआयचं पण तसंच, लेबलावरचा मजकूर लिहायला मी स्वतः वापरते, मदत होते, पण घट किती धरायची ते त्याला आपणच सांगावं लागतं.

हातातलं कसब, म्हणजे बेकरी, शिवण, मोबाइल रिपेअरिंग, शेळीपालन, हे ज्याला येतच नाही आणि त्यातच धंदा करायचाय त्याने अर्थातच ते आधी शिकावं. त्यासाठी हजारो रुपये भरायच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जाऊन या, बँका चालवतात, तरुण मुलामुलींना प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचेही कार्यक्रम असतात, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी केली की तारखा कळतात.

कागदपत्रं हे कौशल्य नाही, दोन संध्याकाळी नीट वाचून होतं, पण त्याचीच पोरांना सगळ्यात जास्त धास्ती असते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात माल विकताय तर जीएसटीची नोंदणी साधारण ४० लाखांच्या वर्षाच्या उलाढालीनंतर लागते, सेवा असेल तर २० लाखांनंतर, पण परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी लागते, ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे आधी बघावं. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) नोंदणी पहिल्या दिवसापासून पाहिजे. आणि सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण पडतळ काढल्याशिवाय एक रुपयाही कर्ज घेऊ नका हे मी हात जोडून सांगते.

भाच्याला गूळ पावडर आणि काकवी विकायचीय, ओळखीच्या गुऱ्हाळावरून आणून. म्हणजे बनवायचं कसब लागत नाही, घरचा धंदाही नाही, म्हणून त्याला विक्री आधी सांगितली. पंधरा हजारांतले सहा हजार पहिल्या मालाला, बाराशेचा वजनकाटा, दोन हजार पाउच आणि लेबलं, हजारभर गाडीभाडं आणि बाजारातल्या जागेला, बाकीच्याला महिनाभर हात लावायचा नाही. शनिवारी एक बाजार, रविवारी सकाळी एक सोसायटी, आणि रविवारी रात्री आमच्याकडे जेवायला येताना वही घेऊन यायचं, त्यात किती विकलं त्याच्याबरोबर कोण नको म्हणालं आणि का, हेही लिहिलेलं पाहिजे. गूळ पावडर पावसाळ्यात ओल धरते, त्याची घट किती धरायची ते मलाही अजून नक्की सांगता येत नाही, ते त्याच वहीतून काढू. क्लासचं दोन महिन्यांनी बघू म्हणाला.