टेप कंपनीचाच, आवाज मात्र दुसरा: निगडीत बारा टायरच्या केबिनचं काम करून घेतलं त्याचा अनुभव

आधीच सांगतो, हा कारवाल्यांसाठी नाय. माझी गाडी म्हणजे बारा टायरचा ट्रक, बीएस सिक्स, २०२१ ची, कोल्हापूरच्या शिरोलीहून कास्टिंग भरून चाकणला आणि येताना जे मिळेल ते. महिन्यातले वीस-बावीस दिवस मी केबिनमध्येच असतो आणि त्या केबिनमध्ये कंपनीनं जो टेप, म्हणजे म्युझिक सिस्टीम, दिलाय त्याचा आवाज म्हणजे डब्यात मुंगळा सोडल्यासारखा. अभंग लावला की टाळ तेवढे ऐकू येतात, पखवाज कुठं गेला ते पांडुरंगालाच माहीत.

मग बदलून का नाय टाकला असं विचारणार तुम्ही. मोठा स्क्रीनवाला बसवायचा, खाली निळे लाईट, मागं झोपायच्या बर्थवर बासचा डबा (सबवूफर). आमच्या लाईनीत निम्म्या गाड्यांत तेच हाय. पण एक तर ढाब्यावर गाडी लावून झोपलं की बाहेरून चमकणारी वस्तू दिसली पाहिजेच असं नाय, आमच्या गावातल्याच एकाची काच फोडून स्क्रीन नेला, स्क्रीन गेला पंधरा हजाराचा आणि काच आणि दोन दिवसाचं भाडं वेगळंच. दुसरं म्हणजे आबा. गाडी आबांच्या नावावर हाय आणि त्यांचं म्हणणं एकच, डॅशबोर्डला करवत लावायची नाय. विकताना गाडी कंपनीची दिसली पाहिजे. तिसरं कारण माझं स्वतःचं, वायर कापून केलेलं काम मी एकदा भोगलंय, ते पुढं सांगतो.

तर ठरलं असं की टेप तोच, जाळ्या त्याच, बटणं तीच, आत काय ते बदलायचं. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात एक दुकान हाय, नाव लिहीत नाय कारण थोडं वाईटपण लिहिणार हाय, दोन गाळे, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची थप्पी. दुकानवाले काका मूळचे बॅटरी आणि सेल्फ-डायनामाचे मिस्त्री, म्युझिकचं काम नंतर चालू केलेलं. मला तेच पटलं, का ते वाचा.

मोठ्या गाडीत सगळा खेळ २४ व्होल्टचा असतो. १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. आणि बाजारात चांगला ॲम्प्लिफायर घ्यायला जावं तर तो १२ व्होल्टचा, कारसाठी बनवलेला. आता हायवेवरचे वायरमन काय करतात, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढतात, झाले १२ व्होल्ट, पाचशे रुपये द्या. आमच्या जुन्या दहा टायरला असंच केलेलं. सहा महिने झकास वाजलं. मग एक बॅटरी सारखी उतरायला लागली आणि दुसरीतलं पाणी सारखं आटायला लागलं, मला वाटायचं बॅटरीच खराब निघाली, दुकानदाराशी भांडूनपण आलो. पण चूक त्या वायरीची होती. टेपचा लोड एकाच बॅटरीवर, आणि डायनामा भरताना दोघींना मिळून २८ च्या आसपास देतो, त्याला काय माहीत कुठली उपाशी आणि कुठली भरलेली. उपाशी अर्धपोटीच राहते आणि भरलेलीच्या पोटात आणखी कोंबलं जातं, ती उकळते. शेवटी जोडी बदलावी लागली, पंचवीस हजाराच्या वर गेले आणि एकदा पहाटे तीनला कराडच्या अलीकडं गाडीला धक्का मारायला चार माणसं गोळा करावी लागली. बारा टायरला धक्का नसतो मारता येत, दहा टायर रिकामी होती म्हणून, ती पण उतार होता म्हणून.

म्हणून काकांकडं गेलो तेव्हा मी पहिला प्रश्न तोच केला, १२ व्होल्ट कुठनं घेणार. ते म्हणले, "दोन्ही बॅटऱ्यांवरनं २४ घेणार, कन्व्हर्टर लावणार, मधल्या जोडाला हात लावणारा माणूस माझ्या दुकानात नाय." मी तिथंच गाडी लावली.

कन्व्हर्टर म्हणजे २४ चे १२ करणारं यंत्र, ते २० अँपिअरचं बसवलं. मला वाटलेलं १० चा पुरेल, दोनेक हजार वाचतील. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दाखवला. ॲम्प्लिफायर चार चॅनेलचा, खरे ५० वॅट चॅनेलला, म्हणजे सगळं जोरात वाजलं तर २००, त्यातलं थोडं उष्णतेत जातं म्हणून २५० धरा, भागिले कन्व्हर्टरनंतरचे १३.८ व्होल्ट, येतात अठराच्या आसपास अँपिअर. गाणं काय सारखं त्या जोरात नसतं, पण ढोलकीची थाप पडली की त्या क्षणाला मागतं, आणि तिथं कन्व्हर्टर कमी पडला की आवाज फाटतो. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज, तो त्यांनी न सांगता लावला. याला मी मार्क देतो. बऱ्याच ठिकाणी फ्यूज ॲम्प्लिफायरपाशी लावतात, म्हणजे मधल्या चार-पाच मीटर वायरीचं इन्सुलेशन कुठं चेसीवर घासून गेलं तर फ्यूजला पत्ताच नाय, वायरच पेटणार.

आता टेप तोच ठेवून ॲम्प्लिफायरला आवाज कसा द्यायचा. कंपनीच्या टेपला मागं लाल-पांढऱ्या पिना नसतात, नुसत्या स्पीकरच्या वायरी. त्यासाठी ॲम्प्लिफायरला हाय लेव्हल इनपुट पाहिजे, म्हणजे स्पीकरचीच वायर त्यात घालायची, तो आपला आवाज कमी करून घेतो आणि परत मोठा करतो. घेताना एवढं एक बघून घ्या, नाहीतर मध्ये आवाज कमी करणारा वेगळा जोड लावावा लागतो. टेप काढायला दुकानातल्या पोरानं दोन पत्र्याच्या पट्ट्या बाजूच्या फटीत घातल्या, टक् टक्, टेप हातात. मागं आयएसओ कपलर (ठरलेल्या मापाचा वायरींचा जोड) निघाला, काळा पॉवरचा, तपकिरी स्पीकरचा. त्या तपकिरीच्या मध्ये नर-मादी जोडाचा तुकडा घातला, कंपनीची एक पण वायर कापली नाय. उद्या गाडी विकायची झाली तर तो तुकडा उपटायचा, कपलर परत टेपला, विषय संपला. पांढरी डावी, राखाडी उजवी, काळी रेघ असलेली मायनस, हे मी पोराकडनं शिकून घेतलं ते बरं झालं, पुढं कामाला आलं.

दरवाजाचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. जाळी काढल्यावर आतला स्पीकर बघून हसू आलं, कागदाचा कोन आणि मागं रुपयाएवढं लोहचुंबक. त्या जागी साडेसहा इंची दोन, ट्विटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) वेगळे, ते कोपऱ्यातल्या जुन्या जाळीच्या मागं. पण नुसता स्पीकर बदलला असता तर पैसे पाण्यात. दाराच्या पत्र्याला आतनं मोठी मोठी भोकं असतात, स्पीकरचा मागचा आवाज त्यातनं पुढं येतो आणि पुढच्या आवाजाला खातो, त्यामुळं बास मरतो. ती भोकं त्यांनी पत्रा लावून आणि वरनं डांबरासारख्या चिकट मॅटनं बंद केली, बाहेरच्या पत्र्यालापण मॅट, रोलर फिरवून फिरवून. दार लावलं की आता "खण्" नाय वाजत, "धप्" वाजतं, माझा मेव्हणा म्हणला फॉर्च्युनरचं दार लावलंस काय. स्पीकरखालची रिंग प्लॅस्टिकची घातली, मी प्लायवूडची नको म्हणलं, पावसाळ्यात दारात पाणी उतरतंच आणि प्लाय फुगतो. तेच पाणी खालच्या भोकातनं बाहेर जायला पाहिजे, ती भोकं पोरानं मॅटखाली झाकलेली, मी बघितली म्हणून. ब्लेडनं मोकळी करून दिली. तुम्ही पण वाकून बघा, कुणी सांगत नसतं.

आता तक्रारी.

दोन दिवसाचं काम सांगून साडेतीन दिवस घेतले. मधल्या दिवशी पोरगा आलाच नाय. साडेतीन दिवस गाडी उभी म्हणजे काय ते हप्ता भरणाऱ्याला विचारा. फोन केला की "झालंच शेठ, जाळी बसवायची फक्त". जाऊन बघतो तर दार उघडं आणि स्पीकर पोत्यावर.

दुसरं, ॲम्प्लिफायर त्यांनी बर्थखाली टूलच्या कप्प्यात ठेवलेला, जॅकच्या शेजारी. एक ब्रेक मारला की जॅक त्याच्यावर, शिवाय हवा नाय, मे महिन्यात आतच शिजला असता. भांडून क्लीनरच्या सीटमागं लाकडी फळीवर उभा बसवून घेतला. सीट मागं ढकलली तर दिसत नाय.

तिसरी गोष्ट गंमतीची पण तितकीच डोक्याला ताप. गाडी घेऊन निघालो, रात्रीची वेळ, रस्ता मोकळा, आवाज स्वच्छ, गाणाऱ्याचा श्वास घेतलेला कळतोय, पण कायतरी चुकतंय. बास नाय. आणि आवाज समोरनं न येता डोक्याभोवती फिरल्यासारखा. खंबाटकी घाट चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्यावर, दुसरा काय उद्योग नाय, सहज टेपचा बॅलन्स पूर्ण उजवीकडं नेला तर बास वाढला! दोन वाजतायत तेव्हा कमी आणि एक वाजतोय तेव्हा जास्त, हे कसं. म्हणजे एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागलीय, एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं मिळून हवा ढकलतच नाहीत. घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, सीटमागं ॲम्प्लिफायरवरनं स्पीकरच्या जोड्या सोडवल्या आणि एकेकीला सेल टेकवला. जाळीतनं टॉर्च मारून बघितलं, उजव्याचा कोन बाहेर उडी मारतो, डावा आत जातो. आदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम. पखवाज परत आला, आणि घड्याळ बंद ठेवल्याबद्दल बायकोचं जे ऐकलं ते स्पीकरशिवायच मोठ्या आवाजात होतं.

आणि एक, ॲक्सिलेटर दिला की स्पीकरमधनं बारीक "कुंईंई" यायचं, रेस वाढेल तसं चढणारं. त्यासाठी परतीच्या ट्रिपला दुकानात गेलो, काकांनी मात्र एक शब्द न बोलता गाडी आत घेतली. कन्व्हर्टरची अर्थिंगची वायर एका बोल्टला आणि ॲम्प्लिफायरची दुसऱ्या, रंग लावलेल्या ठिकाणी. दोन्ही एका बोल्टवर आणले, खालचा रंग घासून पत्रा उघडा केला, ऐंशी टक्के आवाज गेला. उरलेला वीस टक्के टेपकडनं येणाऱ्या वायरी पॉवरच्या वायरीशेजारनं गेलेल्या म्हणून होता, त्या दुसऱ्या बाजूनं फिरवल्या. पैसे घेतले नाहीत. मीटर लावून दाखवलं, गाडी बंद असताना २५.४, चालू २७.९, कन्व्हर्टरनंतर १३.७, आणि फुल आवाजात १३.४ च्या खाली गेलं नाय. हा माणूस करंटचा पक्का हाय, कानाचा नाय. स्पीकर उलटा लागलेला त्यांना ऐकून कळायला पाहिजे होता.

पैसे: कन्व्हर्टर २,८००, ॲम्प्लिफायर ८,५००, स्पीकर जोडी ६,२००, मॅट २,४००, वायर-फ्यूज-कपलर १,६००, मजुरी ३,५००. बेरीज २५ हजार. बिल मागितलं तर साध्या वहीचं पान दिलं, ॲम्प्लिफायरचं वॉरंटी कार्ड मात्र शिक्का मारून दिलं. बासचा डबा पण घ्या म्हणून दोनदा आग्रह झाला. मी नाय घेतला, डिझेल इंजिन बुडाखाली घरघरत असताना खालचा बास तसाही इंजिनच खातं, माणसाचा आवाज आणि ढोलकी नीट आली की आपलं भागलं. एसी केबिनवाल्यांचं वेगळं, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची झालीय, काचा बंद असल्या की त्यांना डब्याचा फरक कळेल. माझ्या काचा उघड्या असतात, आणि मागचा हॉर्न पण ऐकू यायला पाहिजे.

आवाजाबद्दल एवढंच की टेपचा व्हॉल्यूम आधी ३० पैकी २६-२७ वर असायचा आणि चिरकायचा, आता १४ वर पुरतो. एक उणीव राहिली, टेप तोच असल्यानं त्याचे जे दुर्गुण ते तसेच, ब्लूटूथला फोन जोडायला अर्धा मिनिट लावतो आणि कॉलवर समोरच्याला माझा आवाज विहिरीतनं आल्यासारखा जातो. त्याला इलाज नाय, वरचा मुखवटा कंपनीचा पाहिजे तर हे सोसायचं. बर्थच्या बाजूचे दोन स्पीकर पण जुनेच ठेवलेत, त्यांची दोन चॅनेल रिकामी हायत, दिवाळीनंतर बघू.

आबा परवा कराडपर्यंत बसून आले. डॅशबोर्डवर हात फिरवला, जाळ्या बघितल्या, खाली वाकून बघितलं, काही सापडलं नाय. २५ हजार कुठं लावलेस एवढंच विचारलं, मी गाणं लावलं.

जाणार असाल तर सकाळी नवाच्या आत पोचा, नंतर मोठी गाडी वळवायला जागा राहत नाय. काका दुकानात असतील त्याच दिवशी द्या, नुसता पोरगा असेल तर चहा पिऊन परत या. आणि खिशात एक सेल ठेवा.