लाल समुद्रातली बोट घ्यावी का? कुठलं नौदल खलाशाला किती उपयोगी

सुएझमार्गे जाणाऱ्या बोटीचं कॉन्ट्रॅक्ट समोर आलं की मॅनिंग एजंट (खलाशी भरती करणारा) म्हणतो, "आता तिकडे नौदलं आहेत, काळजी नको." कोणाची, आणि ती काय करतात, ते विचारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' ही मालवाहू बोट पळवल्यापासून सरकारांचे मार्ग वेगवेगळे झाले, आणि बोटीवरच्या माणसासाठी त्यांत फार फरक पडतो.

अमेरिकेने येमेनमध्ये हुथींवर बॉम्ब टाकले. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनला सोबत घेऊन, मग मार्च २०२५ पासून कितीतरी जास्त जोराने. ६ मे २०२५ ला ओमानच्या मध्यस्थीने समझोता झाला, पण तो अमेरिकी जहाजांपुरता. दोनच महिन्यांत, जुलैत, 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' या ग्रीक कंपन्यांच्या बोटी हुथींनी बुडवल्या. म्हणजे तुमच्या बोटीवर दुसरा झेंडा असेल, तर त्या समझोत्यावर विसंबू नका.

युरोपीय संघाच्या 'अ‍ॅस्पिडेस' मोहिमेने फेब्रुवारी २०२४ पासून फक्त बचाव पत्करला; येमेनच्या भूमीवर हल्ला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलवाहू 'सौनियन' पेटवली गेली, तेव्हा याच मोहिमेने खलाशी सोडवले आणि पुढे सुमारे दीड लाख टन कच्च्या तेलासकट ती बोट ओढून नेताना पहारा दिला. मला ही रीत जास्त पटते. अडचण एकच, युद्धनौका मोजक्या. 'इटर्निटी सी'च्या वेळी पाण्यातली माणसं खाजगी बोटींनी शोधून काढली. त्यांत एक भारतीय होता.

भारत अमेरिकेच्या आघाडीत गेला नाही, त्याने अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे स्वतःची जहाजं ठेवली. २६ जानेवारी २०२४ ला 'मार्लिन लुआंडा' क्षेपणास्त्र लागून पेटली तेव्हा तिच्यावर २२ भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमचे नौसैनिक बोटीवर चढले आणि खलाशांच्या बरोबरीने झगडून त्यांनी आग विझवली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वरचे २१ जण आयएनएस कोलकाताने उचलले. पण तिघं आधीच गेले होते. भारतीय नौदल धावून येतं, यात शंका नाही, पण क्षेपणास्त्र लागल्यानंतर.

म्हणून माझ्या मते झेंड्यापेक्षा आणि नौदलापेक्षाही आधी मालक कंपनी बघा. जुलै २०२५ च्या दोन्ही बोटींबाबत हुथींनी कारण दिलं ते कंपनीच्या जहाजांच्या इस्रायली बंदरांतल्या फेऱ्यांचं. तुमची बोट तिकडे गेली नसेल, तिची बहीण, म्हणजे त्याच कंपनीची दुसरी बोट, गेलेली असू शकते. एजंटाला हे स्पष्ट विचारा. उत्तर टाळलं तर ती बोट सोडा.

घरच्या हप्त्यांमुळे नाही म्हणणं जड जातं, ते ठाऊक आहे. तरी कॉन्ट्रॅक्ट आयबीएफ कराराखाली (खलाशी संघटना आणि जहाज कंपन्यांमधला आंतरराष्ट्रीय करार) आहे का ते बघा. असेल, तर युद्धसदृश म्हणून जाहीर केलेल्या भागात जायला नकार देऊन कंपनीच्या खर्चाने परत येण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. नसेल, तर हीच अट सही करण्याआधी लेखी मागा.