जलरंगाची शिस्त आणि लेखी सूचना: रवी परांजपे व सॉल लेविट

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी मुले कलाशिक्षणाची वाट शोधू लागतात, तेव्हा त्यांच्यासमोर या दोन कलावंतांची आयुष्ये शेजारीशेजारी ठेवावीत, असे मला मनापासून वाटते.

परांजपे यांचा जन्म १९३५ मध्ये बेळगावचा. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली ते घडले आणि पुढे जाहिरात व कथाचित्रण या क्षेत्रांत त्यांनी नाव मिळवले. हात अशा रीतीने घडणे म्हणजे काय, हे जलरंगातून कळते: पारदर्शक जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, तो कोऱ्या कागदातून राखायचा असतो. कुंचला टेकवण्यापूर्वीच कुठे थांबायचे हे ठरलेले असावे लागते, कारण एकदा पसरलेला रंग सहसा पूर्णपणे उचलता येत नाही. ही नजर रोजच्या सरावानेच येते.

अमेरिकेतील लेविट (जन्म १९२८) यांनीही विद्यापीठात रीतसर कलाशिक्षण घेतले आणि वास्तुविशारद पेई यांच्या कार्यालयात ग्राफिक डिझाइनचे काम केले. मात्र १९६७ च्या लेखात त्यांनी कल्पनेलाच कलाकृतीचा मुख्य भाग मानले. १९६८ पासूनची त्यांची अनेक भित्तिरेखाटने म्हणजे मूलतः लेखी सूचना. रेषा सहायक काढत, प्रदर्शनानंतर भिंत रंगवून टाकली जाई आणि तेच रेखाटन अन्यत्र पुन्हा उभे राही.

अशा संकल्पनाप्रधान कलेत कष्ट कमी आहेत, हा आपल्याकडचा समज मला अन्यायकारक वाटतो. तरीही आरंभ करणाऱ्याने आधी हात आणि डोळा तयार करावा, असेच माझे मत आहे. संकल्पनेकडे त्यानंतरही वळता येते, आणि लेविटही रेखाटन शिकूनच तिकडे वळले होते.