गेघार्ड मठ : वेरूळ पाहिलेल्यांसाठी

आर्मेनियाची राजधानी येरेवानपासून साधारण 40 किलोमीटरवर, आझात नदीच्या खोऱ्यातला गेघार्ड मठ पाहायला निघणाऱ्या संभाजीनगरच्या प्रवाशाने भव्यतेची अपेक्षा घरीच ठेवावी. कैलास लेण्यापुढे हा मठ आकाराने लहानच आहे, आणि समोर दिसणारे 1215 सालचे मुख्य चर्च तर कोरलेले नसून बांधलेले आहे. त्याच्या दक्षिण दाराची द्राक्षे, डाळिंबे आणि बैलावर झेपावलेला सिंह पाहून अनेक सहली समाधानाने परत फिरतात.

खरा मठ कड्याच्या पोटात आहे. कैलास वरून खाली कोरताना भोवतीचा डोंगर काढून टाकला गेला. येथेही काम वरूनच सुरू झाले असे सांगतात, पण कारागीर छतातल्या भोकातून आत उतरले आणि डोंगर बाहेरून तसाच राखून त्यांनी आत घुमट, कमानी व खांब मोकळे केले. उजेड येतो तो मुख्यतः त्या छतातल्या झरोक्यातूनच, त्यामुळे दुपारी उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना कोरीवकाम टप्प्याटप्प्याने दिसू लागते. गाल्झाक या स्थपतीने कोरलेल्या चर्चमध्ये जिवंत झरा आहे. शेजारच्या 1283 च्या दालनात साखळीने जखडलेले दोन सिंह आणि पंजात कोकरू धरलेला गरुड आहे. हे प्रोशियान सरदार घराण्याचे चिन्ह मानले जाते. देवघराच्या वाटेवर सरदाराने आपली निशाणी एवढी ठळक कोरावी, हे मला थोडे खटकले.

माझ्या मते सर्वांत मोलाचे दालन वरचे, 1288 चे आहे. चार खांबांच्या त्या खोलीत एक स्वर लावला तरी तो बराच वेळ रेंगाळतो. वेरूळच्या विश्वकर्मा लेण्यात सूर घुमलेला ज्यांनी ऐकला आहे त्यांना नवल वाटणार नाही, पण येथला नाद अधिक लांबतो आणि कोणी गात असेल तर शब्द एकमेकांत विरघळून जातात.

तक्रार आहे ती सहल कंपनीविषयी. गार्नीचे मंदिर आणि गेघार्ड अर्ध्या दिवसात उरकण्याच्या घाईत वाटाड्याने या दालनाचा उल्लेखही केला नाही. बाहेरच्या बाजूचा जिना आम्हीच शोधला. म्हणून चारजण मिळून टॅक्सी करावी, पायात घट्ट पकडीचे बूट आणि जवळ टॉर्च असावा, आणि दारात बायका विकतात तो गोड 'गाता' पाव परतताना घ्यावा, कारण तो आत नेऊन खाण्याजोगी जागा नाही.