साडेअकरा फुटांवरची टोपली: विजापूर रोडच्या कॉर्फबॉल क्लबात सात महिने

आधी पैशाचं सांगते, कारण क्लबचा विषय काढला की सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. नाव नोंदवताना तीनशे रुपये, मग महिन्याला चारशे. तीनशेत एक टी-शर्ट मिळतो. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळं कापडाला बोट लावून बघितल्याशिवाय राहवत नाही. टी-शर्ट पॉलिस्टरचा आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो अंगाला चिकटून बसतो. सुती घालून जा, कुणी काही म्हणत नाही. बॉल आणि खांब क्लबचे, बूट आपले. गुळगुळीत तळव्याचे बूट नेऊ नका. मैदान मुरमाचं आहे, माझे दोन्ही गुडघे पहिल्याच आठवड्यात सोलले.

आठवड्यातून चार सकाळी, पावणेसहा ते सव्वासात, विजापूर रोडच्या बाजूला एका शाळेचं मैदान. पुरुष आणि बायका एकाच संघात. यावर आमच्या सासूबाईंनी विचारलं, "बापे पण असतात का गं?" मी म्हटलं, असतात. "मग तुला कशाला बोलावलंय?" त्यांना वाटलं मी चहा-पाण्याचं बघायला चालले.

बोलावलं होतं शेजारच्या मुलीनं. ती कॉलेजात आहे, शाळेपासून हा खेळ खेळते. "काकू, बायका कमी पडायल्यात, या की." माझं वय एकोणचाळीस, दोन मुलं, शाळेत असताना खो-खो खेळले होते, तेवढंच भांडवल. आणि खो-खोनंच पहिल्या दिवशी माझा घात केला. खो-खोत एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही, पळत सुटायचं. इथं उलटं. बॉल हातात आला की थांबायचं. टप्पे टाकत पुढं जायचं नाही, बॉल घेऊन पळायचं नाही, पायानं मारायचं नाही, दुसऱ्याच्या हातातला बॉल हिसकायचा नाही. पहिल्या सकाळी मला चार वेळा बॉल मिळाला, चारही वेळा मी घेऊन पळाले, चारही वेळा शिट्टी. शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, बस सुटायली का तुमची?"

तर खेळ असा. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान, मधोमध रेषा, दोन अर्धे भाग. प्रत्येक भागात एक खांब, त्यावर बुड नसलेली टोपली. बास्केटबॉलसारखा मागं फळा नाही. बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर असते, ही टोपली साडेतीन मीटरवर, म्हणजे जवळपास साडेअकरा फूट. खांब मैदानाच्या टोकाला नसतो, बराच आत असतो, त्यामुळं त्याच्या मागनंही बॉल टाकता येतो. मी पहिले दोन आठवडे खांबाच्या पुढंच घुटमळत होते. मागची बाजू पण आपलीच आहे हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

एका संघात आठ जण, चार बायका, चार पुरुष. त्यातले दोन बायका-दोन पुरुष हल्ल्याच्या भागात, तेवढेच बचावाच्या. दोन गोल झाले की भागांची अदलाबदल, हल्ला करणारे बचावाला आणि बचाववाले हल्ल्याला. त्यामुळं "मी आपली मागं उभी राहते" हे चालत नाही. आणि मुख्य म्हणजे बाईला बाईनंच अडवायचं, पुरुषाला पुरुषानं. अडवणारी हाताच्या अंतरावर, तुमच्याकडं तोंड करून, हात वर घेऊन समोर उभी असेल तर तुम्ही टोपलीत बॉल टाकायचाच नाही. टाकला आणि गेला तरी गोल धरत नाहीत. सहा फुटी गडी असला तरी त्याला पास द्यावा लागतो, जागा बदलावी लागते, सुटावं लागतं. सगळा खेळ या सुटण्याचा आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

दुसरा महिना असेल. मी बचावात, माझ्याकडं तीच शेजारची मुलगी. बॉल पलीकडच्या कोपऱ्यात होता आणि मी बॉलकडं बघत बसले. ती माझ्या पाठीमागनं सटकली, खांबाशी पळत आली, पळता पळता बॉल घेतला आणि दोन्ही हातांनी खालनं वर असा उचलून सोडला, जशी आपण बादली उचलून टाकीत रिकामी करतो ना, तसा. आवाज न करता आत. आमच्या बाजूचा एक वायरमन आहे, सगळे त्याला दादाच म्हणतात, तो माझ्यावर ओरडला, "ओ मॅडम, तुमची पोरगी सुटली की! बॉलकडं काय बघायलालाव?"

सगळ्यांसमोर. सर काही बोलले नाहीत, कारण त्याचं बरोबर होतं.

घरी ओरडा खायची सवय आहे, दूध उतू गेलं तरी आपणच. पण मैदानावर? आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत क्रिकेट होतं. त्यात बायकांना हळू चेंडू टाकतात, पहिल्या चेंडूला आउट धरत नाहीत, बॅटला चेंडू लागला तरी टाळ्या. कारखान्याच्या सहलीत रस्सीखेच झाली तर बायका मधे, फोटोपुरत्या. माझ्यामुळं संघ हरला असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, कारण माझ्यामुळं हरण्याइतकं माझ्या हातात कुणी काही दिलंच नव्हतं. त्या दिवशी स्कूटीवरनं घरी येताना मला राग यायला पाहिजे होता. मी सैफुलपर्यंत हसत आले.

म्हणून तारे द्यायचे झाले तर या एका गोष्टीला पाचपैकी पाच. बाकीच्यात कापते.

पहिलं कापते ते स्वच्छतागृहासाठी. शाळेचं आहे, पण कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकाकांकडं. काका सहाला येतात म्हणतात, साडेसहाला येतात. पुरुषांना भिंत आहे. मिश्र क्लब म्हणून बायकांना बोलावता तर ही सोय पहिल्या दिवशी पाहिजे, सातव्या महिन्यात अर्ज करून नव्हे. अर्ज मीच लिहिलाय, उत्तर आलेलं नाही.

दुसरं, खांब. इथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतलेत, लोखंडी पाइप आणि खाली सिमेंट भरलेलं टायर. वाईट नाहीत. पण एका खांबावर माझे बॉल जरा जास्तच आत जायला लागले तेव्हा मला संशय आला. हिशेबाची खोड. ऑफिसातली टेप आणली, शिडी मागवली, मोजलं. तीन इंच कमी! सर म्हणाले, "सरावाला चालतंय." मी म्हटलं, सर, सरावाला चाललं की सामन्यात नेमकं तीन इंच खाली पडतंय. महिनाभर कुरकुर करून त्यांनी तुकडा जोडून घेतला. तेव्हापासून माझे गोल निम्मे झाले, ते सोडा.

तिसरं जरा नाजूक आहे. पोरं पोरांकडंच बॉल टाकतात. मुद्दाम नाही, हाताची सवय. मी मोकळी उभी असते, हात वर असतो, आणि बॉल माझ्या डोक्यावरनं तिसऱ्याच गड्याकडं, ज्याच्या अंगावर त्याचा माणूस आधीच आलाय. सरांनी त्यावर उपाय काढला होता: बाईचा हात लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. मला तो अजिबात आवडला नाही. पोरं शेवटी आमचा नुसता हात लावून घ्यायची, देवळातल्या घंटेसारखा. हे परत सोसायटीचं क्रिकेटच झालं.

खरा उपाय आमच्या अक्कानं काढला. अक्का शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी आणि चिडली की दोन्ही. पन्नाशीला आलीय, पळणं बेताचंच. ती सरळ खांबाच्या बुडाशी जाऊन उभी राहायला लागली. तिथनं चारी बाजूला पास देता येतो, आणि तिथं उभ्या माणसाला टाळून हल्ला करायचा म्हटलं तर जमत नाही. "बे, इकडं टाक की! मी काय खांब आहे का?" आठवड्याभरात पोरांना कळलं की अक्काकडं बॉल गेला की दोन सेकंदांत सुटलेल्या माणसाकडं येतोय. आता तिच्याकडं दया म्हणून कुणी टाकत नाही, गरज म्हणून टाकतात. सरांनीही नियम बदलला. मोकळ्या माणसाला, बाई असो की बुवा, पास दिला नाही तर मैदानाला दोन फेऱ्या. फेऱ्या मी पण मारल्यात.

सराव संपला की गेटाबाहेर गाड्यावर उप्पीट आणि चहा. तिथं सर फॉर्मात असतात. हा खेळ निको ब्रुकहाउसन नावाच्या ॲमस्टरडॅमच्या एका शाळामास्तरनं १९०२ साली काढला. स्वीडनला गेला असताना तिथं त्यानं रिंगमधून चेंडू टाकायचा एक खेळ बघितला आणि परत येऊन आपल्या वर्गातल्या मुला-मुलींना एकत्र खेळता येईल असा बदलून घेतला. कॉर्फ म्हणजे त्यांच्या भाषेत टोपली. १९२० आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये नुसता दाखवण्यापुरता होता, पदकाचा कधी झाला नाही. १९९५ ची जागतिक स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली, हे मला पटेना, मग मी मोबाईलवर बघितलं, खरं आहे. १९७८ पासून २०२३ पर्यंत प्रत्येक जागतिक स्पर्धा हॉलंडनं जिंकली, फक्त १९९१ ला बेल्जियमनं हिसका दिला. वायरमनदादांचं यावर म्हणणं, "मग बाकीचे जायलालेत कशाला?" उप्पीट वीस रुपये, शेंगदाणे भरपूर.

आता पाण्याचं. सोलापूरच्या बाहेरच्यांना हे कळणार नाही, कळून घ्या. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड येतं, आणि भागाभागाचा दिवस वेगळा. वेळही पहाटेची येऊ शकते. पाण्याचा दिवस म्हणजे टाकी, पिंप, घागरी, मोटार, आणि हे सगळं होईपर्यंत घरातली बाई जागची हलत नाही.

पूर्ण सामन्याला आठ बायका लागतात. पुरुष सोळा आले तरी उपयोग नाही, आठ बायका नाहीत तर सामना नाही. पहिले दोन-तीन महिने आठवड्यातनं एकदा तरी असं व्हायचं की बारा गडी हाताची घडी घालून उभे आणि बायका तीन. मग एका खांबावर चार-चार जणांचा अर्धा खेळ. ग्रुपवर मेसेज: "लेडीज सिरीयस नाहीत." एका सकाळी अक्कानं त्यावर एवढंच लिहिलं: "आज अर्ध्या गावाला पाणी आहे. मैदानावर उभ्या असलेल्या बारा जणांच्या घरी आत्ता कोण भरायलंय?"

बराच वेळ कुणी काही टाईप केलं नाही. मग वायरमनदादांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्या रविवारी सरांनी वहीत तक्ता केला. कोण कुठल्या भागातलं, कुणाचं पाणी कधी. ज्या दिवशी चार-पाच बायकांकडं पाणी, त्या दिवशी सराव नाही, पुढं ढकलायचा. वायरमनदादांनी स्वतः पाणी भरायचं कबूल करून वहिनींना पाठवलं. वहिनी दोनदा आल्या, म्हणाल्या, "मला नाही बाई आवडला, त्यापेक्षा घरी झोपते." आणि खरंच झोपतात, पाणी अजून दादाच भरतात. माझ्या घरी निम्मं जमलंय. मोटार लावायला नवरा उठतो, बंद करायला विसरतो. आमच्या जिन्यावरनं महिन्यातनं एकदा धबधबा असतो.

कुणी जावं? चाळिशी आलेल्या, कधीतरी काही खेळलेल्या बायकांनी जरूर. पळण्यापेक्षा बघणं आणि थांबणं जास्त लागतं. धक्काबुक्की नाही, अंगाला अंग लावलं की शिट्टी. ज्यांना एकट्यानं गोल मारून मिरवायचंय त्या पोरांनी दुसरं काही बघावं, इथं महिन्याभरात कंटाळतील. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत आठवडाभर सराव जवळजवळ बंद असतो, त्या महिन्याचे पैसे मात्र पूर्ण घेतात. मी विचारलं, उत्तर नीट मिळालं नाही. स्वच्छतागृहाचा अर्धा तारा, खांबाचा पाव आणि या बंद आठवड्याच्या शंभर रुपयांचा पाव कापून चार.

जाणार असाल तर सकाळी थेट मैदानावर जा, गेटपाशी सर असतात. एका पानाचा फॉर्म आहे. नाव, वय, रक्तगट, आणि खाली पेनानं आखलेला नवा रकाना: पाण्याचा दिवस. तो रिकामा सोडला तर सर फॉर्म परत देतात. परवा एक पोरगा म्हणाला, "सर, मला नाही माहीत, आई भरते." सर म्हणाले, "विचारून ये जा."