लाइन गेल्यावर उरतो तो पिक्चर : ओटीटीचे आठ महिने

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पुतण्या लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरत होता, तेव्हा आमच्या ओसरीवर ३२ इंची स्मार्ट टीव्हीचं खोकं उतरलं. आता पऱ्हाटी उपटून झाली, वावर रिकामं आहे, म्हणून आठ महिन्यांचा हिशेब लिहायला बसलो. यवतमाळच्या राळेगाव तालुक्यात राहून हे घेण्यात काही अर्थ आहे का, असं दोघातिघांनी विचारलं होतं.

आधी खर्चाचं. गावात फायबर नाही, सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पॅक दिवसाला दीड जीबीचा. एचडीत पाहिलं तर तासाला ३ जीबीपर्यंत जातात, म्हणजे अर्ध्या तासात दिवसाचं राशन संपलं. क्वालिटी उतरवली की तासाला १ जीबीच्या आत भागतं. माणसांची तोंडं ओळखू येतात, तेवढं पुरे. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा, तो टीव्हीवर चालत नाही. मला हे पैसे भरल्यावर समजलं.

नेटपेक्षा मोठा प्रश्न लाइनचा, म्हणजे विजेचा. ती वाऱ्यानं जाते, पावसानं जाते, आणि काही नसलं तरी जाते. थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. यातूनच मला पिक्चर जोखायची रीत सापडली. काही पिक्चर लाइन गेली की तिथंच संपतात. माय भाकरी थापायला उठते, बाबा अंगणात खाट टाकतात. काहींवर मात्र अंधारातही बोलणं चालू राहतं. पुढचं सगळं याच मापानं मोजलेलं आहे.

'पंचायत' ही सिरीज या मापात पहिल्या आठवड्यातच पास झाली. पहिल्या सीझनला गावातल्या सोलर दिव्यांचा एक भाग आहे. उरलेला एक दिवा कुठं लावायचा यावरून खल चालतो, आणि पंचायतीच्या सचिवाला तो ऑफिसजवळ हवा असतो, कारण रात्री अभ्यास करायचा आहे. नेमक्या त्याच भागात आमची लाइन गेली. बाबा म्हणाले, "आपल्या इथं असता तं तो खांब सरपंचाच्या दारातच गडला असता." मग आमच्या गावच्या दिव्यांची अख्खी कुंडली निघाली. कोणत्या खांबाची बॅटरी कोणी नेली, सगळं. प्रधान मंजूदेवी आणि कारभार त्यांच्या नवऱ्याचा, हे तर मायला समजावून सांगावंच लागलं नाही. महाराष्ट्रात बायांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, पण खुर्चीवर कोण बसतं हे आमच्याकडंही सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादच्या घरी त्याच्या फौजी पोराचं पार्थिव येतं, तेव्हा लाइन होती आणि तरी कोणी बोललं नाही. तिसऱ्यापासून मात्र हाणामारी आणि निवडणूक लांबत गेली. चौथा सीझन पाहताना बाबा दोनदा झोपले.

एक गंमत पुतण्यानं शोधून सांगितली. 'पंचायत'मधलं फुलेरा गाव कथेत उत्तर प्रदेशात आहे, पण शूटिंग मध्य प्रदेशच्या सीहोर जिल्ह्यात. 'लापता लेडीज'ही तिथलाच. म्हणजे हिंदीवाल्यांना खेडं लागलं की गाडी सीहोरला जाते. 'लापता लेडीज' चांगला आहे, आमच्या घरी दोनदा झाला. घुंगटामुळं रेल्वेत नवऱ्या बदलतात हे काकूला पटेना ("चपला तरी ओळखू येत असतीन ना!"), पण त्यातल्या जया या नवरीला शेतीचं शिकायचं असतं तो भाग बाबांनी मान हलवत पाहिला.

'शेरनी'वर जरा थांबतो. २०२१ चा पिक्चर, आमच्याकडं यंदा पोहोचला. पिक्चर कोणाचं नाव घेत नाही, पण राळेगाव-पांढरकवड्याच्या माणसाला त्यातली टी-१२ वाघीण दिसली की आपली टी-१ आठवते. अवनी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला बोराटीजवळ गोळी लागली. तिच्या नावावर १३ माणसांचे बळी लावले गेले होते, आणि मागं तिची दोन पिल्लं होती. विद्या बालनची वनअधिकारी मला आवडली. ती आवाज चढवत नाही, पण हरत जाते ते डोळ्यांत दिसतं. वाघावरून दोन पुढाऱ्यांची चाललेली ओढाताणही चोख आहे. फक्त गाव त्यात जीपच्या खिडकीतून दिसतं. अर्ध्यावर लाइन गेली आणि उरलेला पिक्चर मायनं सांगितला.

"त्या साली कापूस फुटून वावर पांढरं झालं, अन् वेचाले बाया भेटेनात. गेलो तं दहा-बारा जणी एकाच वावरात. दोघं माणसं काठ्या घेऊन धुऱ्यावर, डबे बडवत. लघवीले जाचं तं तिघी मिळून."

हे पिक्चरमध्ये नाही. वाघिणीला भुलवायला विदेशी अत्तर काढलं होतं, तेही नाही. मोहिमेसाठी आणलेला हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला, तेही नाही. अत्तराच्या गोष्टीवर बाबा आजही हसतात. हत्तीच्या गोष्टीवर कोणी हसत नाही. तरी म्हणेन, 'शेरनी' पाहाच. जागलीला मचाणावर बसून मोबाइलवर मात्र पाहू नका. मी पाहिला आणि रानडुकरं सोडून रात्रभर झुडपांकडंच बघत बसलो.

'झुंड' पुतण्यासाठी लावला. नागपूरची पोरं नागपूरसारखी बोलतात, एवढ्यावरच तो खूश. जवळपास तीन तासांचा आहे, आमच्या पॅकला दोन रात्री लागल्या. साउथचे डब पिक्चर बाबांचे. आदिलाबाद जवळ असल्यानं त्यांना तेलुगू थोडी समजते आणि हिंदी डबिंगवर ते नाराज असतात. त्यांच्या मारामाऱ्यांत लाइन गेली तर कोणाचं काही अडत नाही. खून-तपासाच्या सिरीज मी चार-पाच चालू केल्या. दुसऱ्या मिनिटाला अशी शिवी येते की रिमोट सापडेपर्यंत माय स्वयंपाकघरात गेलेली असते. त्या आता इअरफोन लावून एकटाच पाहतो, आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांनी कोण कोणाला मारतो ते आठवत नाही.

आमच्याकडच्या बोलीत आमच्याकडची गोष्ट मला एकदाच भेटली, आणि तीही या टीव्हीवर नव्हे. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ', चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात घडतो. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो टॉकीजला लागला, तेव्हा मी नागपूरला जाऊन पाहिला. मायनं अजून पाहिलेला नाही. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सातलाच लाइन गेली, तेव्हा मी तिला तोंडीच सांगायला बसलो. सविता नावाची पोरगी. तिला शिकायचं आहे. पाहुणे येतात, पोरीला पाटावर बसवतात, नाव विचारतात, उंची विचारतात, मुरमाड रस्त्यानं परत जातात आणि निरोप पाठवतात. पुन्हा दुसरे येतात, पुन्हा पोहे. सुरुवातीला तिला स्वप्न पडतं, त्यात बाया बसल्या आहेत आणि पाटावर पोरगा आहे.

माय अंधारात हसली. "अस्संच पायजे," म्हणाली. मग माझ्या मावशीला पाहायला किती जण आले होते, ते मोजत बसली. नऊपर्यंत आली आणि थांबली.

मी पुढं सांगितलं, बाप कापूस घरात भरून ठेवतो, भाव चढेल म्हणून वाट पाहतो, कारण लग्नाचा पैसा त्यातूनच काढायचा आहे.

तेवढ्यात लाइन आली. टीव्हीवर अर्धवट राहिलेली सिरीज आपोआप सुरू झाली. मायनं मला आवाज बंद करायला लावला.

"मंग? कापूस काय भावानं गेला त्याईचा?"