बॅटरी बदलली, सेल्फ खोलायला निघालो आणि दोष निघाला अर्थच्या पट्टीत

नारायणगावात हायवेच्या कडंला पत्र्याच्या शेडमधे एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका बसतात, बोर्ड वगैरे काय नाय, कुणालाही विचारा पिकअपवाले सांगतील. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली सांगतो.

माझी बोलेरो पिकअप, टोमॅटोच्या सीझनला रोज पहाटे क्रेट भरून मार्केटला. गेल्या महिन्यात एक दिवस चावी फिरवली तर नुसतं टक टक टक, इंजिन काय फिरेना. पोरं बोलवून धक्का मारला तर लगेच चालू. जवळच्या एका गॅरेजवाल्यानं बोनेटसुद्धा नीट न उघडता सांगितलं की बॅटरी गेली, म्हणून ६८०० ची नवी टाकली, दोन दिवस गाडी चालली आणि तिसऱ्या पहाटे परत तेच. आता तो गॅरेजवाला म्हणे सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, काढून तिचे कार्बन (आतले ब्रश) बदलू, साडेतीन हजार होतील. इथं माझी सटकली, धक्का मारून गाडी थेट काकांकडं आणली.

काकांनी पाना हातात घेतलाच नाय. आधी म्हणले, "हेडलाइट लाव अन् चावी मार." लाइट झगझगीत, जरा पण मंद होईना. मग बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट, चावी मारली तरी १२.१. मला वाटलं चांगलंच आहे की! तर म्हणले, "अरे सेल्फ खरंच फिरला तर बॅटरी दहा-साडेदहावर यायला पाहिजे, हिला तर कायच वाटेना, म्हणजे सेल्फपर्यंत करंट पोचतच नाय, मधे कुठंतरी अडलाय." हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, मी उलटंच समजत होतो की आकडा पडला नाय म्हणजे सगळं ओके.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, मला चावी मारायला लावली. तिथं शून्याच्या आसपास दिसायला पाहिजे म्हणे, अर्ध्या व्होल्टच्या खालीच, माझ्या गाडीत काटा सहा-सातवर नाचत होता. दुसरी पिन चेसीवर ठेवली तर जवळपास शून्य. म्हणजे बॅटरी ते चेसी बरोबर, चेसी ते इंजिन जी अर्थची पट्टी असते, म्हणजे करंट बॅटरीकडं परत नेणारी जाड वायर, तीच मेली. खात्री करायला जंपरची एक केबल निगेटिव्हवरून सरळ इंजिनला लावली, चावी मारली आणि एका झटक्यात गाडी चालू, धक्का नाय काय नाय!

पट्टी काढली तर टोकाला हिरवा-पांढरा थर, आतल्या निम्म्या तारा गळालेल्या. मी मधे खताच्या गोण्या वाहतो, वर सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी थेट इंजिनवर मारून घेतो, दोन्हीचा प्रताप. काकांनी बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, जाड पट्टी टाकली, वरून ग्रीस लावलं. परत मीटर, ०.२. गाडी चालू असताना चार्जिंगपण बघितलं, १४.२, डायनमो ठीक.

पट्टी २५०, मजुरी ३००, झाले साडेपाचशे. आणि मी मूर्ख ६८०० आधीच घालवून बसलो होतो, जुनी बॅटरीपण त्या गॅरेजवाल्यानं ठेवून घेतली, ती चांगलीच होती असं आता वाटतं.

अर्धा स्टार कापला कारण काका सकाळी दहाच्या आत येत नाहीत, भाजीवाल्यांची गाडी बंद पडते पहाटे चारला, आणि फोन तर उचलतच नाहीत. बिल पण देत नाहीत, मागितलं तर हसतात. चहा मात्र दोनदा पाजला. जाताना एकच सांगितलं की मेन वायरीचे बोल्ट वर्षातनं एकदा पावसाळ्याआधी घासून घे. आणि हो, सोमवारी जाऊ नका, शेड बंद असते.